सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर: घोडा चढवला की घट्ट, पडला की सैल

तक्रार अशी होती. .२२ लाँग रायफल काडतुसाचं, सहा घरांचं (घर म्हणजे सिलिंडरमधली काडतूस बसायची जागा), कोल्टच्या १८७३ च्या नमुन्यावर बेतलेलं जुनं युरोपीय रिव्हॉल्व्हर. झटकन घोडा (मागचा हॅमर) चढवला तर सिलिंडर कधीकधी आपली खाच ओलांडून पुढे निघून जातो. सावकाश चढवला तर बसतो, पण शेवटच्या टप्प्यात घोडा जड लागतो. रेंजवर गोळी सुटली की डाव्या बाजूने बारीक शिसं उडतं, शेजारी उभा असलेला माणूस गाल चोळतो. आणि सहातली एखाद-दुसरी गोळी वाजतच नाही.

मालक पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, त्यामुळे बोलणं मोजूनमापून. शस्त्र वडिलांकडून वारसाने आलेलं, परवाना रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतलेला. २०२४ मध्ये लोकसभा आणि मग विधानसभा अशा लागोपाठ दोन आचारसंहितांमध्ये ते जमा होतं. परत आल्यावर घोडा चिकट वाटला म्हणून त्यांनी ते एका दुकानात दाखवलं. तिथून आल्यावर घोडा चढताना छान घट्ट वाटायला लागला. तक्रारी मात्र वाढल्या.

"दादा, घट्ट झालंय खरं, पण बरं झालेलं नाही," असं म्हणून त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. सगळं निदान या एका वाक्यात होतं, हे नंतर कळलं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बंदूक बनवण्या-विकण्याबरोबर दुरुस्तीचाही उल्लेख आहे. बिनपरवाना दुरुस्ती हा गुन्हा आहे. आमच्या पेठेतल्या कामाच्या खोलीत परवाना भिंतीवर आहे आणि शस्त्र टेबलावर येण्याआधी मालकाचा परवाना, शस्त्रावरचा क्रमांक आणि नोंदवही या तिन्हींचा मेळ घातला जातो. हे लिहितोय ते मालकांना आपल्या शस्त्रात काय चाललंय ते कळावं आणि कारागिराला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून. घरी कानस घेऊन बसण्यासाठी नाही.

आत काय चालतं

सिंगल-ॲक्शनमध्ये ट्रिगर एकच काम करतो, घोडा सोडण्याचं. बाकी सगळं घोडा अंगठ्याने मागे ओढताना होतं. घोड्यालाच जोडलेला एक लांबट तुकडा असतो, त्याला पुढे पॉल म्हणतो. घोडा मागे गेला की पॉल वर चढतो, सिलिंडरच्या मागच्या रॅचेटचा दात ढकलतो आणि सिलिंडर साठ अंश फिरतो. कोल्टच्या नमुन्यात पॉलला दोन बोटं असतात. वरचं बोट फेरा सुरू करतं, खालचं बोट पुढचा दात धरून तो पुरा करतं.

दुसरा तुकडा म्हणजे खालून वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसणारा बोल्ट. तो मधोमध टेकलेली तरफ आहे. पुढचं डोकं फ्रेममधल्या खिडकीतून वर येतं आणि मागचा पातळ पाय घोड्यावरच्या छोट्या कॅमवर, म्हणजे उंचवट्यावर, स्वार असतो. घोडा निघाला की कॅम पाय उचलतो आणि डोकं खाचेतून खाली जातं, म्हणजे कुलूप उघडतं. थोड्या प्रवासानंतर पाय कॅमवरून घसरतो, डोकं स्प्रिंगच्या जोरावर वर उसळतं आणि खाचेच्या अलीकडच्या उतारावर टेकतं. उरलेला फेरा पॉल पुरा करतो आणि डोकं खाचेत पडतं. घोडा पडताना तोच पाय कडेला वाकून कॅमच्या उतारावरून घसरत पुन्हा कॅमवर येतो. म्हणून तो पाय कडक असून चालत नाही, त्याला लवचीकपणा लागतो.

या नमुन्याच्या घोड्याला तीन खाचा असतात: सेफ्टीची, अर्ध्याची आणि पूर्ण चढाईची. त्यांचे तीन आवाज आणि बोल्ट वर उसळल्याचा एक, असे चार आवाज येतात. नीट जुळलेल्या शस्त्रात तिसरा (बोल्टचा) आणि चौथा (पूर्ण चढाईचा) जवळजवळ एकात एक मिसळलेले ऐकू येतात. कान सरावला की हत्यार न उघडता निम्मं कळतं. काकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिसरा आवाज मऊ होता, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा, आणि घोडा झटकन ओढला की तो चौथ्याच्या मागून यायचा.

तपासणी

झाकण उघडून, घोडा अर्ध्यावर ठेवून सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटाने रिकामी असल्याची खात्री केली. काडतुसं खोलीतच ठेवत नाही, ती मालकाकडे किंवा कुलपात. मग मधली पिन, म्हणजे सिलिंडर जिच्यावर फिरतो ती आस, काढून सिलिंडर बाहेर.

पहिलं दर्शन घाणीचं. जुनं तेल वाळून मधासारखं पिवळं झालेलं, खिडकीच्या कडांना चिकटलेलं. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूला पावसाळ्याचा हलका गंज. ते सगळं धुऊन, पुसून, कोरडं करून मगच मोजमापं घेतली. सुकलेल्या तेलाची ढिलाई आणि धातूची झीज बाहेरून सारखीच दिसते. धुण्याआधी मोजलं तर दोन्हीची बेरीज हातात येते.

सिलिंडरच्या तोंडावर मार्करने एक ते सहा आकडे घातले. प्रत्येक घराचा निकाल वेगळा लिहायचा, हे या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोष सहाही घरांना सारखा असेल तर तो पॉलमध्ये, बोल्टमध्ये किंवा पिनमध्ये. एकाच घराला असेल तर त्या घराच्या रॅचेटच्या दातात किंवा खाचेत. आकडे न घालता नुसतं "कधीकधी अडतं" म्हणत फिरवत बसलं की दिवस जातो आणि शेवटी चुकीच्या तुकड्यावर कानस चालते.

सिलिंडरला बोटाचा हलका अडथळा देत घोडा अगदी सावकाश चढवला. सहाही घरांना कुलूप लागलं. पण क्रमांक चार सोडून बाकी पाचही ठिकाणी शेवटच्या किंचित प्रवासात घोडा जड झाला. पॉलचं काम संपलं तरी तो ढकलतोय आणि खाचेची भिंत बोल्टवर दाबतोय, असा त्याचा अर्थ. चारवर मात्र घोडा मोकळा चढला.

म्हणजे पॉल लांब होता. बाहेर काढल्यावर कारण दिसलं. चपट्या बाजूवर हातोडीच्या टोच्याच्या खुणा, धातू पसरवून लांबी वाढवलेली. खालच्या बोटाचं टोक गोलसर आणि मऊ.

बोल्टच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंवर कानशीच्या आडव्या रेषा होत्या. खाचेत घालून पाहिलं तर डोकं खाचेपेक्षा जवळपास पाव मिलिमीटर अरुंद. खाचांच्या कडांवर बोल्ट आपटून धातू बाहेर फुगलेला. बोल्ट आणि ट्रिगर या दोघांना ढकलणारी दोन पायांची चपटी स्प्रिंग असते, तिचा बोल्टकडचा पाय मुळाशी तडकलेला. तुटून पडला नव्हता म्हणून बोल्ट वर येत होता, पण जोर गेलेला. झटकन घोडा ओढल्यावर सिलिंडर पुढे का पळत होता, याचं उत्तर इथे मिळालं. सिलिंडरला वेग असतो, बोल्ट सुस्त असतो, खाच निघून जाते.

इथवर पाहून बरेच जण नवीन पॉल, नवीन बोल्ट, नवीन स्प्रिंग असं बिल लिहून मोकळे होतील. ते तुकडे लागणारच होते. पण प्रश्न असा की आधीच्या कारागिराने पॉल वाढवला तरी का? कुणी उगाच हातोडी उचलत नाही. त्याला काहीतरी अपुरं दिसलं असणार.

घोडा खाली असताना पाहिलं तेव्हा

डायल गेज सिलिंडरच्या कडेला लावलं. घोडा पूर्ण चढवून सिलिंडर हाताने पुढे-मागे फिरवून पाहिला तर काटा जेमतेम हलला. अगदी नव्यासारखं घट्ट. मग अंगठ्याने धरून घोडा हळू खाली सोडला आणि पुन्हा तेच केलं. काटा ०.४५ मिलिमीटर फिरला.

सिंगल-ॲक्शनमध्ये पॉल घोड्याला जोडलेला असतो. घोडा पडला की पॉलही त्याच्याबरोबर खाली जातो. म्हणजे घोड्यावरची फायरिंग पिन काडतुसावर आदळते त्या क्षणी सिलिंडरला धरणारा एकटा बोल्ट असतो. बऱ्याच डबल-ॲक्शन शस्त्रांत (ज्यांत ट्रिगरच घोडाही चढवतो) ट्रिगर दाबलेला असताना पॉल वरच राहतो आणि आधार देतो. इथे तसं नाही. म्हणून घोडा चढवून केलेली घट्टपणाची परीक्षा या नमुन्याच्या शस्त्राला लागू पडत नाही. लांब केलेला पॉल अरुंद बोल्टची ढिलाई झाकून ठेवतो, कडी तुटलेलं दार कुणीतरी आतून खांदा लावून धरावं तशी. गोळी सुटायच्या नेमक्या क्षणी तो खांदा काढून घेतला जातो.

काकांना डायल दाखवला. घोडा वर असताना आणि खाली असताना, दोन्ही वेळा काटा त्यांनी स्वतः पाहिला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी दुकानात घोडा चढवून बघत होतो, ते बघणंच उलटं होतं." दुकानात शस्त्र हातात घेणारे जवळजवळ सगळेच तसं बघतात. घोडा चढवतात, सिलिंडर हलवतात, मान डोलावतात. वापरलेलं सिंगल-ॲक्शन पाहणाऱ्या प्रत्येकाने घोडा खाली सोडून सिलिंडर हलवून बघावा, असं मी कळकळीने सांगतो. निम्म्या वाईट दुरुस्त्या तिथेच उघड्या पडतात.

आता मूळ प्रश्न, पॉल का वाढवला? सिलिंडर पुढे-मागे ढकलून नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने मोजली. मागे दाबल्यावर ०.२२, पुढे दाबल्यावर ०.०८. म्हणजे सिलिंडर नळीच्या दिशेने ०.१४ मिलिमीटर सरकत होता. बुशचं, म्हणजे सिलिंडरच्या मधोमध मधल्या पिनेभोवती बसणाऱ्या नळकांड्याचं, पुढचं तोंड झिजलं होतं. मधल्या पिनेवर सिलिंडर वर-खाली डुगडुगत होता, पिन आणि बुशमध्ये ०.१२ ची ढिलाई.

गोष्टीचा उगम हाच. पॉल डाव्या बाजूने वर ढकलतो. पिनेवर ढिलाई असली की त्या ढकलण्याचा पहिला भाग सिलिंडर फिरवण्यात जात नाही, उचलण्यात जातो. घोड्याचा प्रवास तेवढाच असतो, त्यातला तुकडा वाया गेला की फेरा अपुरा पडतो. त्यात सिलिंडर पुढे सरकलेला असला की पॉल दाताच्या पूर्ण रुंदीला न लागता कडेला लागतो. पाच दात तरीही पुरे पडत होते. चौथ्याची कड थोडी बसलेली होती, तिथे फेरा कमी पडत असणार. आधीच्या कारागिराने चौथ्या घराला कुलूप लागत नाही एवढंच पाहिलं आणि सोपा उपाय केला, पॉल ठोकून लांब केला. चौथं घर लागायला लागलं, पण बाकी पाच घरं जरा पुढे ढकलली गेली आणि बोल्ट खाचेच्या भिंतीवर घासायला लागला. मग तो आत पडावा म्हणून त्याचं डोकं दोन्ही बाजूंनी कानसलं. एका झिजलेल्या बुशपायी दोन चांगले तुकडे गेले.

गोळ्या न वाजण्याचं कारणही याच साखळीतलं. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस, त्यात फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटावी लागते. सिलिंडर पुढे सरकलेला असला तर काडतूस मारापासून दूर जातं. त्यात सहाही घरांच्या काठावर पिनेने पाडलेले बारीक खड्डे होते, रिकाम्या घरावर घोडा पाडायची कुणाची तरी जुनी सवय. .२२ च्या शस्त्रात हे कधीही करू नये. मधोमध मार असणाऱ्या शस्त्रातली डमी काडतुसाची सवय चांगली, पण रिमफायरमध्ये रिकाम्या घराचा काठ थेट मार खातो.

क्रम

दुरुस्तीचा क्रम झिजेच्या क्रमानेच लावायचा. आधी सिलिंडर ज्यावर फिरतो ते, मग त्याला धरणारं, शेवटी फिरवणारं. पॉलपासून सुरुवात केली तर पुढच्या प्रत्येक कामाने तो पुन्हा बिघडतो.

नवीन बुश ईएन-२४ पोलादाचा लेथवर केला. त्याची पुढची बाजू किंचित लांब ठेवून मग तेलाच्या दगडावर थोडी थोडी उतरवत आणली. फट मागे दाबल्यावर ०.२२, पुढे दाबल्यावर ०.१८ उरली, म्हणजे सरक चार शतांश. सरक अगदी शून्य करायची नाही. गोळ्या झाडल्यावर काजळी साचते, धातू तापतो, तेव्हा शून्यवाला सिलिंडर अडतो. मधली पिन सिल्व्हर स्टीलची, बुशला रीमर मारून जुळवली, तीन शतांशाची फट. पिन अडकवून ठेवणाऱ्या खटक्याची खाचही झिजली होती. नवीन पिनेवर ती नेमक्या जागी घेतली, नाहीतर प्रत्येक गोळीच्या धक्क्याने पिन पुढे सरकते आणि सगळी मेहनत वाया जाते.

एवढं झाल्यावर गंमत म्हणून नाही, पुरावा म्हणून जुनाच पॉल घालून पाहिला. आता तो सहाही घरांना जास्त लांब पडत होता, चौथ्यालाही. म्हणजे चौथ्या घराची उणीव बहुतेक सगळी पिन-बुशमध्ये होती. काकांनी हे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. टूलरूममधल्या माणसाला असा उलट पडताळा फार आवडतो.

खाचांच्या फुगलेल्या कडा कानसल्या नाहीत. कानसलं की खाच रुंद होते आणि नवा बोल्टही सैल पडतो. पॉलिश केलेल्या बोथट पंचाने बाहेर आलेला धातू हलक्या हाताने परत आत बसवला, मग बारीक दगडाने फक्त वर आलेला बर, म्हणजे धातूची बारीक धार, काढला. हे काम घाईचं नाही. भिंगातून बघत, प्रत्येक खाचेला वेगळा वेळ देत करायचं.

बोल्ट ओ.एच.एन.एस. या टूल स्टीलच्या पट्टीतून काढला. या पट्ट्या पुण्यात पेठेतल्या पोलाद दुकानांत सहज मिळतात, टूलरूमचं शहर असल्याचा हा फायदा. डोकं खाचेपेक्षा आणि फ्रेमच्या खिडकीपेक्षा जरा जास्त रुंद ठेवलं आणि ब्लू (कुठे घासतं ते दाखवणारा निळा रंग) लावून, जिथे रंग पुसला जाईल तिथेच दगड फिरवत दोन्हींना जुळवलं. खिडकीकडे दुर्लक्ष होतं असा माझा अनुभव आहे. डोकं खाचेत घट्ट असून खिडकीत सैल असेल तर बोल्टच डुलतो आणि सिलिंडर त्याच्याबरोबर. दोन्हींची माया मिळून जी ढिलाई येईल ती खरी.

मागचा पाय मुद्दाम लांब ठेवला. तो लांब असला की कॅमवरून उशिरा घसरतो, थोडा कमी केला की लवकर. कमी केलेलं परत लावता येत नाही, म्हणून दगडाचे दोनचार हात, जोडून बघ, पुन्हा उघड, असं चालतं. इथे दोन वेगळ्या वेळा सांभाळायच्या असतात. एक, पॉल सिलिंडर हलवायला लागण्याआधी बोल्ट खाचेतून पुरता बाहेर आला पाहिजे. तसं नसेल तर पॉल कुलूप लागलेल्या सिलिंडरला ढकलतो आणि खाचेची कड फुगते. दोन, घोडा अर्ध्यावर असताना डोकं सिलिंडरला जराही लागता कामा नये, नाहीतर काडतुसं भरताना सिलिंडर मोकळा फिरत नाही आणि अंगावर चरे पडतात. या दोन्ही झाल्यावर वर उसळण्याची वेळ उतारावर आणली. उतारावर मार्करचा ठिपका लावून घोडा चढवला, बोल्टने ठिपक्यावर कुठे खूण केली ते पाहिलं. खूण उताराच्या मध्यावर पडेपर्यंत काम चाललं.

मग पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं काम. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात विझवला, आणि पाय लवचीक राहावा म्हणून निळा रंग येईपर्यंत पाणी उतरवलं, तो साधारण ३०० अंशांचा रंग. डोकं किंचित मऊ राहतं ते चालतं. झिजायचंच असेल तर बोल्टने झिजावं, सिलिंडरच्या खाचेने नाही. बोल्ट बदलता येतो.

चपट्या स्प्रिंगच्या जागी पियानो वायरची दोन पायांची स्प्रिंग वळवली. तारेची स्प्रिंग सहसा तडकत नाही आणि जोर बारीक बारीक बदलता येतो. बोल्टकडचा जोर फार ठेवला तर डोकं उतारावर आपटून खड्डा पाडतं, फार कमी ठेवला तर तीच जुनी पळापळ. झटक्याने घोडा चढवून सहाही घरं सातत्याने बसतील एवढाच किमान जोर, त्याहून जास्त नाही.

पॉल शेवटी. नवीन, जरा लांब, खालचं बोट कडक केलेलं. खालच्या बोटाची लांबी फेऱ्याचा शेवट ठरवते, म्हणून वरचं बोट पुरतं जुळल्याशिवाय त्याला हात लावला नाही. मापदंड चौथं घर. सावकाश, बोटाचा अडथळा देऊन चढवल्यावर चौथ्यालाही घोडा पूर्ण चढायच्या किंचित आधी कुलूप लागेल, तिथे थांबलो. बाकी पाच घरांवर पॉलचा दाब अगदी पुसट जाणवतो, घोडा जड होत नाही. यापेक्षा सरळ समानता हवी असेल तर चौथा दात भरून पुन्हा कापावा लागला असता. जुन्या सिलिंडरवर उष्णता घालून तो धोका घेणं मला मान्य नव्हतं. काकांना पर्याय सांगितला, त्यांनीही नको म्हटलं.

पडताळा

घोडा खाली असताना डायलवर ०.१० मिलिमीटर. आधी ०.४५ होतं. घोडा वर असतानाचा आकडा याच्या जवळच आला, आणि मला तोच बघायचा होता. दोन्ही अवस्थांतला आकडा सारखा आला की समजावं, कुलूप खरं आहे, पॉलने दिलेला आधार नाही.

नळीच्या तोंडातून .२२ च्या मापाची पितळी कांडी सोडून प्रत्येक घरात सरळ जाते का ते पाहिलं, घोडा खाली ठेवून. सहाही ठिकाणी घराच्या काठाला न अडता गेली. आधी तपासली होती तेव्हा दोन, पाच आणि सहाला ती काठावर टेकत होती. शिसं उडत होतं ते या काठावर गोळी खरवडली जात असल्यामुळे.

घरांच्या काठावरचे खड्डे बारीक साधनाने गोल करून घेतले, काडतुसं पुन्हा सहज बसायला लागली. तपासणीसाठी घोडा पाडायचा तेव्हा झाडलेली रिकामी काडतुसं घालून, दर वेळी थोडी फिरवून वापरली, म्हणजे पिनेला नवीन पितळ मिळतं आणि घराला मार लागत नाही.

रेंजवर काकांनी स्वतः झाडून पाहिलं. सावकाश, झटकन, एका हाताने. शेजारच्यांना सुरक्षित अंतरावर ठेवून बाजूला पांढऱ्या कागदाचा तावही उभा केला होता. त्यावर काजळीचा धूसर डाग पडला, शिशाचे ओरखडे नाहीत. फटीतून थोडी काजळी निघणारच, ती या नमुन्याची जातच आहे.

देताना

नोंदवहीत काय बदललं ते तुकड्यागणिक लिहिलं, जुने तुकडे पिशवीत घालून परत दिले. एका गोष्टीवर मात्र काकांशी बराच वेळ बोललो. सिलिंडरभोवती खाचांच्या रेषेत पूर्ण गोल चरा होता आणि तो दुरुस्तीचा नव्हता, वापरण्याच्या सवयीचा होता. काडतुसं भरून झाल्यावर ते घोडा अर्ध्यावरूनच खाली सोडत. अर्ध्यावरून घोडा परत नेला की कॅम पायाखालून निघून जातो आणि बोल्ट दोन खाचांच्या मध्येच सिलिंडरच्या अंगावर उसळतो. पुढच्या वेळी तोच फरपटत जातो. योग्य रीत अशी की आधी घोडा अर्ध्यावरून पूर्ण मागे न्यायचा, सिलिंडरला कुलूप लागू द्यायचं, मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून, अंगठ्याने धरून हळू खाली सोडायचा. आणि या जुन्या नमुन्याचं शस्त्र भरून ठेवायचं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं. इथे फायरिंग पिन घोड्यालाच जोडलेली असते. शस्त्र घोड्यावर पडलं तर सेफ्टीची खाच तुटून गोळी सुटू शकते. अमेरिकन कंपनी रूगरने १९७३ मध्ये ट्रान्सफर बारची (ट्रिगर दाबला तरच घोड्याचा मार पिनेपर्यंत पोचू देणाऱ्या पट्टीची) नवी रचना आणली ती याच कारणाने.

"पाचच भरायच्या?" काकांनी विचारलं.

"पाचच. आणि रिकामं कुठलं ते दर वेळी डोळ्यांनी बघून."

वर्षभराने बुशची सरक पुन्हा मोजायची असं ठरलं. ती चार शतांशांची दहाच्या वर गेलेली दिसली तर चौथ्या दाताकडे बघावं लागेल. तोपर्यंत पातळ तेल, दर पावसाळ्याआधी मूठ उघडून कोरडी करणं, आणि जमा करायची वेळ आलीच तर आधी धुऊन, हलका तेलाचा हात फिरवून मगच जमा करणं, एवढं त्यांना कागदावर लिहून दिलं.